जांभ्याची भिंत आणि उतरवलेला गिलावा : जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेचे प्रकरण

जुन्या गोव्यात पणजीकडून येणारा रस्ता जिथे मोठ्या चर्चांच्या मधून जातो, तिथे थांबून दोन्हीकडे पाहिले की एक विसंगती डोळ्यांत भरते. एका बाजूला पांढरेशुभ्र से कॅथेड्रल आहे आणि दुसऱ्या बाजूला तांबूस-तपकिरी, जागोजागी काळवंडलेली बॉम जेझस बॅसिलिका. पाहणारा मनाशी ठरवूनच टाकतो की तांबडी इमारत जुनी असणार आणि पांढरी अलीकडची, निदान अलीकडे डागडुजी झालेली. वस्तुस्थिती उलटी आहे. से कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि बॅसिलिकेचे १५९४ मध्ये. दोन्ही इमारतींच्या भिंती एकाच दगडाच्या आहेत, कोकणात ज्याला आपण जांभा म्हणतो त्याच्या. एकीच्या अंगावर चुन्याचा गिलावा आहे आणि दुसरीच्या अंगावरचा गिलावा साधारण सत्तर वर्षांपूर्वी मुद्दाम उतरवण्यात आला, एवढाच काय तो फरक.

हा गिलावा का उतरवला गेला, त्यामुळे इमारतीच्या रचनेत काय बदलले आणि आता तो परत लावावा की नाही, या तीन प्रश्नांपुरता हा प्रकरण अभ्यास मर्यादित आहे. परंतु इमारत मुळात कशी घडली हे कळल्याशिवाय या प्रश्नांना उत्तर देता येत नाही. विशेषतः बारोक, म्हणजे सतराव्या शतकात युरोपात बहरलेल्या नाट्यमय आणि सजावटप्रधान शैलीत पृष्ठभागाला जे महत्त्व असते, ते लक्षात घेतले नाही तर हा सारा वाद केवळ रंगरंगोटीचा वाटू शकतो.

दोन दगड

कोचीनचा कप्तान दों जेरोनिमो मास्कारेन्यास १५९३ मध्ये वारला आणि त्याने मागे ठेवलेल्या संपत्तीतून हे चर्च बांधले गेले. व्यासपीठासमोरच्या उत्तर भिंतीवर त्याचे स्मारक आजही आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातील धर्मगुरूंचे निवासस्थान, म्हणजे काझा प्रोफेसा, शेजारी आधीच उभे होते. चर्च त्याला जोडून बांधले गेले. २४ नोव्हेंबर १५९४ रोजी कामाला प्रारंभ झाला आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप दों फ्रे आलेशो दे मेनेझिस यांच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. गायकवृंदाच्या सज्जाला आधार देणाऱ्या खांबावर तशी नोंद कोरलेली आहे. बाहेरून मोजल्यास इमारत १८३ फूट लांब, ५५ फूट रुंद आणि ६१ फूट उंच भरते. तळाचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा आहे.

बांधकामात दोन दगड वापरले गेले. भिंतींचा मुख्य भार जांभ्यावर आहे आणि दर्शनी भागावरचे स्तंभ व त्यांचे कोरीवकाम बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात केलेले आहे. हा काळा पाषाण वसईहून समुद्रमार्गे आणला गेला. वसई त्या वेळी पोर्तुगीजांकडे होती आणि सह्याद्रीचा काळा दगड तिथे मुबलक होता. गोव्यात जांभा पायाखाली होता, तरीही दगड इतक्या लांबून आणण्याचे कारण सरळ आहे : जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही. त्याला छिद्रे असतात, कड धरवत नाही, छिन्नीखाली कण सुटतात. काळा पाषाण घडवायला कठीण; परंतु एकदा घडवला की पानाफुलांची कड चारशे वर्षांनीही बोटाला लागते. वसईच्या किल्ल्यातील जेझुइट चर्चचा दर्शनी भाग आजही उभा आहे. छत गेले, आतली वेदी गेली, १७३९ मध्ये किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती पडला, त्यानंतर वस्तीही उठून गेली. तरी तो दगडी मुखवटा बऱ्याच अंशी शाबूत आहे. बॅसिलिकेचे दार पाहून आलेल्या माणसाने वसईला जाऊन हे दुसरे दार अवश्य पाहावे. दोन्हींची घडण एकाच घराण्यातली आहे.

जांभ्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण प्रकरणाचे मूळ तिथेच आहे. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश पाहणीकाराने मलबारातील हा दगड पाहून १८०७ मध्ये विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. ते नाव अचूक आहे, कारण हा दगड सुरुंगाने फोडावा लागत नाही, विटेसारखा कापून काढता येतो. चिरेखाणीतून नुकताच निघालेला चिरा ओला आणि मऊ असतो, त्याला कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येते, आणि वाऱ्या-उन्हात ठेवला की तो कडक होतो. त्यात लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडे असतात. त्यांचा सांगाडा कठीण असतो, पण त्या सांगाड्यातील पोकळ्यांमध्ये पांढरट-पिवळी चिकणमाती भरलेली असते. पाणी आत शिरले की ही माती आधी धुपते. पोकळी मोठी होते, मोठ्या पोकळीत अधिक पाणी साठते, शेवाळ धरते, मग नेच्याचे एखादे रोप उगवते, त्याची मुळे सांध्यात शिरतात. आमच्या गावी गोठ्याची एक भिंत कित्येक वर्षे बिनगिलाव्याची राहिली होती. तिच्या पावसाच्या अंगाकडच्या चिऱ्यात बोट पहिल्या पेरापर्यंत जायचे आणि बाहेर काढले की त्याला ओल्या कुंकवासारखा गाळ लागायचा. त्याच भिंतीची ओसरीकडची बाजू, जिच्यावर झड येत नव्हती, ती खणखणीत होती. दगड एकाच खाणीतला होता.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पावळी भिंतीपासून दूर पडावी म्हणून छपराची वळचण पुढे काढणे, पावसाळ्यापूर्वी शाकारणी करणे, झडीच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा बांधणे, आणि ऐपत असेल त्याने भिंतीला चुन्याचा गिलावा करून दर वर्षी सफेदी देणे, ही सगळी त्या एका दगडाच्या स्वभावाला दिलेली उत्तरे आहेत. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, वाऱ्यासह तिरपा येतो. उंच चर्चच्या भिंतीला वळचणीचा आधार कितीसा मिळणार? ६१ फुटांच्या भिंतीच्या खालच्या दोन तृतीयांश भागाला छप्पर पावसापासून वाचवू शकत नाही. तिथे गिलावा हेच छप्पर असते.

दर्शनी भाग, वेदी आणि समाधी

बॅसिलिकेचा दर्शनी भाग सुमारे ७८ फूट उंच आणि ७५ फूट रुंद आहे. तळाला तीन दरवाजे, त्यांच्यावर तीन मोठ्या चौकोनी खिडक्या, त्यांच्यावर तीन गोल गवाक्षे आणि सर्वांत वर एक चौकट, जिच्या मध्यभागी जेझुइट संघाची ‘आय एच एस’ ही येशूच्या नावाची अक्षरे कोरलेली आहेत. जुन्या गोव्यातील इतर मोठ्या चर्चांना पुढे मनोरे आहेत किंवा होते; इथे घंटाघर मागच्या बाजूला आहे, त्यामुळे पुढची भिंत एखाद्या उभ्या पाटीसारखी मोकळी राहते. शैलीच्या दृष्टीने काटेकोरपणे बोलायचे तर हा दर्शनी भाग पूर्ण बारोक नाही. उत्तर-प्रबोधनकाळातील शिस्त त्यात अजून बरीच शिल्लक आहे. स्तंभ ओळीत उभे आहेत, मजले आडव्या पट्ट्यांनी नीट तोडलेले आहेत, कुठेही भिंत वळत नाही की फुगत नाही. भारतातील बारोक वास्तुकलेचा नमुना म्हणून या इमारतीचे नाव घेतले जाते ते अर्ध्या अर्थानेच खरे आहे, असे मला वाटते. पूर्ण अर्थ आत गेल्यावर कळतो.

आतले मुख्य दालन एकसंध आहे. मधे खांबांच्या रांगा नाहीत, त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यातून प्रवचनकार दिसतो आणि ऐकू येतो. रोममधील जेझुइटांचे मातृचर्च, इल जेझू, १५८४ मध्ये पूर्णत्वास गेले होते आणि प्रवचनाला केंद्रस्थानी ठेवणारी ही मांडणी त्या परंपरेतली आहे. भिंती साध्या आहेत, आणि हा साधेपणा हेतुपूर्वक आहे. दारातून आत आलेल्या माणसाची नजर वाटेत कुठेही अडू नये, ती थेट टोकाच्या वेदीवर जावी, अशी ही योजना आहे.

त्या वेदीवर सोन्याचा वर्ख चढवलेल्या लाकडाची एक भिंतच उभी आहे. पिळदार स्तंभ, वेली, देवदूत यांच्यामध्ये खाली बाल येशूची लहानशी मूर्ती आहे, जिच्या नावाने हे चर्च ओळखले जाते. तिच्या वर जेझुइट संघाचे संस्थापक सेंट इग्नेशियस लॉयोला यांची भव्य मूर्ती आहे. इग्नेशियस समोर पाहत नाहीत. त्यांची मान वर वळलेली आहे. त्यांच्या नजरेच्या रेषेत आपण वर पाहिले की किरणे फुटलेल्या सूर्यासारख्या वर्तुळात तीच ‘आय एच एस’ अक्षरे दिसतात, जी आपण बाहेर दगडात वाचून आलो होतो, आणि त्याच्याही वर पवित्र त्रैक्य. बाहेरचा काळा दगड आणि आतले सोने ही एकाच वाक्याची सुरुवात आणि शेवट आहेत, असे म्हणायला हरकत नाही. मूर्तीला हातवारे आणि नजर देऊन पाहणाऱ्याला त्या नजरेत ओढून घेणे, ही बारोकची खरी ओळख आहे. बाजूच्या दोन वेद्या आशेची माता आणि सेंट मायकल यांच्या आहेत.

उजवीकडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या दालनात सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. ज्यांना गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणतात ते जेझुइट धर्मप्रचारक झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर वारले, आणि त्यांचा देह मलाक्कामार्गे मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले, त्यानंतर १६२४ मध्ये देह या चर्चमध्ये आला. आज दिसणारी चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइटाच्या कल्पनेनुसार गोव्यातल्या चांदीकारांनी घडवली. तिच्यावर संतांच्या चरित्रातील ३२ प्रसंग उठावात आहेत. पेटीची कल्पना इटालियन, हात गोमंतकीय. या इमारतीत हा संयोग पुन्हा पुन्हा भेटतो आणि प्रत्येक वेळी त्यात हाताचा वाटा कल्पनेपेक्षा अधिक बोलका वाटतो.

ज्या चबुतऱ्यावर ही पेटी आहे त्याची कथा वेगळी आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा दे मेदिची याला जेझुइटांकडून एक उशी मिळाली, जिच्यावर झेवियर यांचे मस्तक विसावलेले होते. त्या उशीची परतफेड म्हणून त्याने आपल्या दरबारी शिल्पकाराकडून, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून, समाधीचा चबुतरा करून घेतला. हे काम सुमारे दहा वर्षे चालले. सुटे भाग पेट्यांमध्ये भरून जहाजाने गोव्यात आणले गेले आणि १६९८ मध्ये फ्लॉरेन्सहून सोबत आलेल्या प्लाचिदो रांपोनी या कारागिराने ते इथे जुळवले. रंगीत संगमरवर आणि जास्पर यांचा हा चबुतरा चढत्या टप्प्यांचा आहे आणि त्याच्या चारही बाजूंना कांस्याचे एकेक पटल बसवलेले आहे : झेवियर मलुकू बेटांवर उपदेश करताना, बाप्तिस्मा देताना, जिवावर उठलेल्यांपासून निसटताना, आणि सांशियान बेटावर प्राण सोडताना. शेवटच्या पटलातली शांतता पाहण्यासाठी थोडे वाकावे लागते. गर्दीच्या दिवशी रांग पुढे ढकलते आणि ती पाहायची राहून जाते.

या सगळ्यातून रचनेचे एक तत्त्व स्पष्ट होते. इथे कुठलाही महत्त्वाचा पदार्थ उघडा सोडलेला नाही. लाकडावर सोन्याचा वर्ख आहे, देहाच्या पेटीवर चांदीचे पत्रे आहेत, चबुतऱ्यावर रंगीत दगडांचे आवरण आहे, आणि जांभ्याच्या भिंतीवर चुना होता. बारोक कारागिराच्या दृष्टीने वेष्टन म्हणजे लबाडी नव्हे. आतला पदार्थ भार वाहतो आणि बाहेरचा पदार्थ अर्थ वाहतो, अशी ती वाटणी आहे. वेदीच्या वर्खाखाली कोणते लाकूड आहे हे ‘प्रामाणिकपणे’ दाखवण्यासाठी वर्ख खरवडावा, असे कोणी सुचवले तर त्याला वेड्यात काढतील. भिंतीच्या बाबतीत मात्र नेमके तेच झाले.

गिलावा उतरला तो प्रसंग

१७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने जेझुइटांना हाकलून दिले. रोगराईने पोखरलेले जुने गोवे त्याआधीच ओस पडू लागले होते, आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. तरीही झेवियर यांच्या समाधीमुळे बॅसिलिका वापरात राहिली आणि वापरात राहिल्यामुळे तिची निगाही राहिली. न वापरलेल्या इमारतींचे काय होते ते जवळच दिसते. मोंते सांतो टेकडीवरील सेंट ऑगस्टिन चर्चची कमान १८४२ मध्ये कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला, आणि आता ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उघड्या जांभ्याचा एक सुळका तेवढा उरला आहे. उघडा जांभा पाहायला लोक तिथे जातात, आणि तो भग्नावशेष आहे हे जाणूनच जातात.

१९४६ मध्ये बॉम जेझसला बॅसिलिकेचा, म्हणजे पोपकडून मिळणाऱ्या विशेष मानाचा, दर्जा मिळाला. पाठोपाठ १९५२ मध्ये झेवियर यांच्या मृत्यूला चारशे वर्षे होत होती. भारत स्वतंत्र झालेला होता, गोव्याची मागणी होऊ लागली होती, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला जुने गोवे हे पोर्तुगालच्या पूर्वेकडील पराक्रमाचे प्राचीन स्मारक म्हणून जगापुढे मांडायचे होते. त्या तयारीसाठी पोर्तुगालच्या स्मारक विभागात दीर्घकाळ काम केलेले वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो गोव्यात आले आणि त्यांच्या देखरेखीखाली बॅसिलिकेच्या भिंतींवरचा गिलावा काढण्यात आला.

कास्त्रो यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण त्यातून काही कळत नाही. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या त्या खात्याची पोर्तुगालमधली कार्यपद्धती हीच होती : मध्ययुगीन चर्चवर नंतरच्या शतकांत चढलेले गिलावे, वेद्या आणि सजावट काढून टाकायची आणि खालचा मूळ दगड उघडा करायचा. राष्ट्राचा जन्म मध्ययुगात झाला, म्हणून मध्ययुगाचा दगड दिसला पाहिजे, हा त्यामागचा विचार. पोर्तुगालच्या उत्तरेतील त्या इमारती ग्रॅनाइटच्या आहेत. ग्रॅनाइट उघडा पडला तर रुक्ष दिसेल, पण पावसात विरघळणार नाही. हीच सवय जांभ्याला लावली गेली, तेव्हा दोन चुका एकदम झाल्या. पहिली पदार्थाची : ग्रॅनाइटला जे सोसते ते जांभ्याला सोसत नाही. दुसरी इतिहासाची : पोर्तुगालमध्ये गिलावा नंतरचा होता, इथे तो बांधकामाचाच भाग होता. खाली लपलेले मध्ययुग इथे नव्हतेच. गिलावा काढून जे ‘मूळ’ रूप समोर आणले गेले, ते १६०५ मध्ये अभिषेकाच्या दिवशी कोणीही पाहिलेले नव्हते.

रचनेचेही नुकसान झाले, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वर्णनात दर्शनी भाग वगळता चर्चच्या बाह्यांगाला चुन्याचा गिलावा होता असे म्हटलेले आहे. म्हणजे पांढऱ्या शरीरावर कोरीव दगडाचे मुख, अशी ती योजना होती. बाजूने येणाऱ्याला पांढरी सपाट भिंत दिसायची, आणि कोपरा वळून समोर आल्यावर एकदम तांबड्या-काळ्या दगडातली ती चढती रचना उभी राहायची. आता मुख आणि शरीर एकाच रंगाचे झाले आहे. वसईहून मुद्दाम आणलेला काळा पाषाण पावसाने काळवंडलेल्या जांभ्यात मिसळून जातो, आणि ढगाळ दिवशी तर स्तंभ कुठे संपतो व भिंत कुठे सुरू होते हे शोधावे लागते. ज्या फरकासाठी जहाजे भरून दगड आणला, तो फरकच पुसला गेला.

परत लावावा का

१९६१ नंतर या वास्तूची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि १९८६ मध्ये गोव्याच्या चर्चेस व मठांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. वारसा म्हणून जगाने जी बॅसिलिका स्वीकारली ती बिनगिलाव्याची होती, हा पुनर्गिलाव्याच्या विरोधातील सर्वांत वजनदार मुद्दा आहे. २०२० मध्ये बॅसिलिकेच्या तत्कालीन रेक्टरांनी, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंनी, पावसामुळे भिंतींची होणारी हानी जाहीरपणे मांडली आणि गिलावा पुन्हा करण्याचे आवाहन केले, तेव्हा हा वाद नव्याने उभा राहिला. गोव्यातले वास्तुविशारद, इतिहासाचे अभ्यासक आणि भाविक दोन्ही बाजूंनी बोलले.

विरोधातील मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. सत्तर वर्षांत दोन-तीन पिढ्यांनी तांबडी बॅसिलिकाच पाहिली आहे. घरातल्या तसबिरीत, लग्नाच्या फोटोत, टपाल तिकिटांवर, पर्यटनाच्या प्रत्येक फलकावर तीच आहे. संवर्धनाच्या क्षेत्रात मार्गदर्शक मानल्या जाणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत असे म्हटले आहे की वास्तूवर प्रत्येक काळाने उमटवलेल्या ग्राह्य खुणांचा आदर केला पाहिजे, आणि जिथे तर्क सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. मूळ गिलावा किती जाड होता, त्याचा पोत कसा होता, कडांना पट्टे होते का, हे अंदाजाने ठरवून नवा थर चढवला, तर ती दुरुस्ती न राहता एक नवी निर्मिती होईल. शिवाय दीर्घकाळ ओल पीत आलेल्या भिंतीवर घाईने गिलावा चढवला तर आतली ओल आणि क्षार बाहेर पडताना तो फुगून सुटेल, आणि सुटताना चिऱ्याचा पृष्ठभागही सोबत नेईल.

तरीही माझा कौल गिलाव्याच्या बाजूने आहे. त्याच व्हेनिस सनदेतील ‘ग्राह्य’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. १९५० च्या दशकातील कृतीने इमारतीत कशाची भर घातली नाही, तिने एक थर काढून नेला. एखाद्या काळाने चढवलेली वेदी जपणे आणि एखाद्या काळाने केलेली झीज जपणे या एकाच पंक्तीतल्या गोष्टी नव्हेत. वारशाच्या अस्सलपणाविषयीच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय नारा दस्तऐवजाने अस्सलपणाचा अर्थ त्या त्या संस्कृतीच्या चौकटीत पाहायला सांगितला, आणि या किनाऱ्यावरच्या बांधकाम-संस्कृतीत अस्सल भिंत म्हणजे दर काही वर्षांनी नव्याने चुना अंगावर घेणारी भिंत. इथे टिकाऊपणा थराच्या वयात नसतो, तो थर पुन्हा लावत राहण्याच्या रिवाजात असतो. चुन्याचा गिलावा पाऊस स्वतःच्या अंगावर घेतो, हळूहळू झिजतो आणि चिरा वाचवतो. तो झिजला म्हणजे बिघडला असे नाही. झिजणे हेच त्याचे काम आहे.

फक्त तो चुन्याचाच असला पाहिजे. सिमेंटचा थर कडक आणि कोंदट असतो. सूक्ष्म भेगांतून आत गेलेले पाणी त्याला बाहेर सोडता येत नाही आणि भिंत आतल्या आत भिजत राहते. कोकणात जांभ्याच्या जुन्या घरांना हौसेने सिमेंट थापल्यावर दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे धरून पडताना अनेकांनी पाहिलेले आहेत. नीट भिजवून मुरवलेला चुना, चाळलेली वाळू, पातळ थर, प्रत्येक थराला सुकायला पुरेसा अवधी, आणि काम पावसाळा पूर्णपणे ओसरून भिंत वाळल्यावर, हा क्रम मोडून चालणार नाही. त्याआधी दरजा तपासून चुन्यानेच भरणे, उगवलेली रोपे मुळांसह काढणे, छताचे आणि पन्हाळ्यांचे पाणी भिंतीवर उतरत नाही याची खात्री करणे, ही कामे आहेत. छत गळत असताना भिंतीला गिलावा करणे म्हणजे दार उघडे ठेवून खिडकी लावणे.

दर्शनी भागाला हात लावू नये, असे मला वाटते. तिथे बेसाल्टची घडण आहे आणि सर्वेक्षणाचे वर्णन त्याला गिलावामुक्त म्हणते. तिथे फक्त शेवाळ काढणे आणि सांधे राखणे पुरेसे आहे. सुरुवात मागच्या बाजूच्या, रस्त्यावरून न दिसणाऱ्या एखाद्या भिंतीच्या ठरावीक पट्ट्यापासून करता येईल. शेजारचा तेवढाच पट्टा तसाच उघडा ठेवून दोन्हींची ओल, क्षार आणि झीज दर पावसाळ्याच्या आधी व नंतर मोजावी, आणि जुनी छायाचित्रे पाहावीत, तसेच खिडक्यांच्या कडांत अडकून राहिलेले गिलाव्याचे तुकडे मिळाले तर त्यांचे मिश्रण तपासून घ्यावे. मग तर्काला जागा कमी उरेल आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांनाही पांढरा रंग हळूहळू सवयीचा होईल.

अशा चाचणीला किमान चार-पाच पावसाळे द्यावे लागतील. झेवियर यांच्या देहाचा दशवार्षिक शवप्रदर्शन सोहळा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. त्या काळात संतांचा देह बॅसिलिकेतून निघून रस्ता ओलांडतो आणि पांढऱ्या से कॅथेड्रलमध्ये जातो. पुढचा सोहळा त्यानंतर साधारण दहा वर्षांनी येतो. चाचणी लवकर सुरू झाली तर तिचे निष्कर्ष हाती येऊन निदान बाजूच्या भिंतींचे काम त्याआधी होऊ शकते.